कादंबरीतले शब्द मोजताना : पायथॉनविषयी सात गैरसमज

एखाद्या मराठी कादंबरीत कोणता शब्द किती वेळा आला, हे मोजायचं काम कोशकारांना लागतं, भाषेच्या अभ्यासकांना लागतं आणि स्पेलचेकर बनवणाऱ्यांनाही लागतं. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ते दहा-बारा ओळींत होतं. मजकुरातून शब्द वेगळे काढायचे, प्रत्येकाचा आकडा वाढवत न्यायचा आणि शेवटी यादी क्रमाने लावायची. खिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली ही भाषा लोकांसमोर ठेवली, तेव्हापासून असल्या कामांसाठी ती हाताशी धरली जाते. पण या थोड्याशा ओळींत अनेक गैरसमज शिरू शकतात. इंग्रजी मजकुरावर त्यातले काही वर्षानुवर्षं लपून राहतात. मराठी मजकूर दिला की लगेच उघडे पडतात.

गैरसमज १ : लिस्ट आली की सगळं आलं

वस्तुस्थिती : नवशिक्यांना पहिल्यांदा लिस्ट शिकवतात, म्हणून प्रत्येक गोष्ट लिस्टमध्ये भरायची सवय लागते. समजा, शुद्ध शब्दांची एक लाखाची लिस्ट आहे आणि कादंबरीतला शब्द तिच्यात आहे का, हे पाहायचं आहे. पायथॉन पहिल्या शब्दापासून एकेक ताडून बघतो. शब्द लिस्टमध्ये नसेलच, तर एक लाख तुलना झाल्यावरच नकार येतो. असे हजार शब्द निघाले की दहा कोटी तुलना झाल्या.

तेच शब्द सेटमध्ये ठेवले तर चित्र बदलतं. सेट शब्दावरून हॅश नावाचा एक आकडा काढतो आणि त्या आकड्यावरून थेट ठरावीक खणाकडे जातो. टपाल खात्यात पिनकोड पाहून पत्र नेमक्या खणात टाकतात, तसंच हे. एक लाख शब्द असोत की दहा लाख, शोधायला लागणारा वेळ सहसा फारसा वाढत नाही.

म्हणून लिस्ट वाईट ठरत नाही. कादंबरीतले शब्द आले त्याच क्रमाने, पुनरुक्तीसह जपायचे असतील तर लिस्टच हवी. ‘आहे का?’ हा प्रश्न असेल तर सेट, आणि ‘या शब्दाचा आकडा किती?’ असं विचारायचं असेल तर डिक्शनरी.

गैरसमज २ : डिक्शनरीत क्रम नसतो

वस्तुस्थिती : हे एके काळी खरं होतं आणि जुन्या पुस्तकांत आजही छापलेलं सापडतं. २०१६ च्या अखेरीस आलेल्या ३.६ आवृत्तीत डिक्शनरीची आतली रचना बदलली. जागा वाचवण्यासाठी केलेल्या त्या बदलामुळे नोंदी भरल्या त्या क्रमाने राहू लागल्या. २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून हा क्रम भाषेच्या नियमातच आला.

सेटला मात्र ही हमी नाही. शब्दांचा तोच सेट दोनदा प्रोग्राम चालवून छापला, तर क्रम वेगळा दिसू शकतो. त्यामागे सुरक्षेचं कारण आहे. एकाच खणात जाऊन पडतील असे हजारो शब्द मुद्दाम पाठवून सर्व्हर गुदमरवता येतो, हे २०११ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दाखवलं गेलं. त्यानंतर ३.३ आवृत्तीपासून पायथॉन दर वेळी नव्या यादृच्छिक बीजाने मजकुराचे हॅश काढतो.

गैरसमज ३ : बरोबरचं चिन्ह टाकलं की प्रत तयार होते

वस्तुस्थिती : मूळ लिस्ट सुरक्षित राहावी म्हणून ‘प्रत = शब्द’ असं लिहिलं जातं. मग ‘शब्द’मधून ‘आणि’, ‘पण’ गाळले की ते ‘प्रत’मधूनही नाहीसे झालेले दिसतात. कारण लिस्ट एकच आहे; एका दारावर दोन पाट्या लावल्या, इतकंच. खरी प्रत हवी तर कॉपी ही मेथड वापरावी लागते. लिस्टच्या आत आणखी लिस्ट असतील, तर त्यांच्यासाठी डीपकॉपी लागते.

गैरसमज ४ : डोळ्यांना दिसतात तेवढीच अक्षरं

वस्तुस्थिती : ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथॉनला विचारली तर उत्तर येतं ५. माणूस तीन अक्षरं मोजतो: म, रा, ठी. पायथॉन युनिकोडचे कोड पॉइंट मोजतो: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. फाइलमध्ये यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना यातला प्रत्येक तीन बाइट घेतो, म्हणजे एकूण पंधरा. हाच शब्द उलटा करायला सांगितला, तर वेलांटी सगळ्यात पुढे येऊन एकटी लोंबकळते आणि काना ठ ला जाऊन चिकटतो.

गैरसमज ५ : शब्द ओळखणारा पॅटर्न कोणत्याही भाषेत शब्द ओळखतो

वस्तुस्थिती : मराठीत काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. मजकुरातले ठरावीक नमुने शोधणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये बॅकस्लॅश आणि डब्ल्यू ही जोडी शब्दातल्या कोणत्याही चिन्हासाठी वापरतात आणि पुढे अधिकचं चिन्ह दिलं की सलग शब्द मिळतो, असं शिकवलं जातं. इंग्रजीत तो मिळतोही. ‘मराठी’वर हाच पॅटर्न पायथॉनच्या मूळ मोड्यूलने चालवला तर दोन तुकडे हाती येतात: ‘मर’ आणि ‘ठ’. ‘संत’चे होतात ‘स’ आणि ‘त’.

पायथॉनच्या लेखी ही जोडी म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोअर. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांची युनिकोडमधली वर्गवारी अक्षर अशी नाही, जोडचिन्ह अशी आहे. त्यामुळे प्रत्येक काना शब्दाची सीमा ठरतो आणि कादंबरीची मोजणी पहिल्याच पायरीवर कोसळते. पर्ल या भाषेत युनिकोड मजकूर असेल तर हीच जोडी जोडचिन्हांनाही शब्दात धरते. पायथॉनमध्ये त्यासाठी ‘रेजेक्स’ हे वेगळं मोड्यूल बसवावं लागतं, किंवा देवनागरीची चिन्हं चौकटी कंसात स्वतः द्यावी लागतात. अख्खा देवनागरी पट्टा दिला, तर दंड आणि अंकही शब्दात येतात, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

अंकांच्या बाबतीत मात्र पायथॉन मराठीला साथ देतो. अंक ओळखणारी जोडी ‘१२३’ बिनचूक पकडते आणि इंट हे फंक्शन त्या मजकुराची संख्याही करून देतं.

गैरसमज ६ : सारखं दिसतं ते सारखंच

वस्तुस्थिती : ‘दऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि पुढे हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक असतो. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. डिक्शनरीला ते दोन निराळे शब्द वाटतात आणि मोजणी दोन नोंदींत विभागली जाते. युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं तरी ही जोडी एक होत नाही. मोजण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलून घेणं हाच सरळ मार्ग.

क्रम लावतानाही असंच फसायला होतं. पायथॉन कोड पॉइंटच्या आकड्यांनुसार शब्द लावतो. त्या आकड्यांत ळ ची जागा ल आणि व यांच्यामध्ये आहे. मराठी वर्णमालेत ती ह नंतर येते. क्ष ची सुरुवात क ने होते, म्हणून ‘क्षमा’ ‘खडू’च्या आधी जाऊन बसते. मराठी क्रम हवा असेल तर आयसीयूसारख्या लायब्ररीतले मराठीचे नियम वापरावे लागतात.

गैरसमज ७ : पॅटर्न बरोबर असला की तो झटपटच चालतो

वस्तुस्थिती : २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटं बंद पडलं. ओळीच्या सुरुवातीची आणि शेवटची रिकामी जागा छाटणारा एक साधा पॅटर्न त्याला कारणीभूत होता. एका मजकुरात सलग सुमारे वीस हजार मोकळ्या जागा होत्या, पण त्या ओळीच्या शेवटी नव्हत्या. इंजिन पहिल्या जागेपासून टोकापर्यंत गेलं, ओळ संपत नाही हे पाहून मागे आलं, दुसऱ्या जागेपासून पुन्हा निघालं. असं करत सुमारे वीस कोटी तपासण्या झाल्या. पॅटर्न चुकीचा नव्हता. मागे येऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याची पद्धत महागात पडली.

पायथॉनचं मूळ मोड्यूलही याच पद्धतीने चालतं. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९६८ साली मांडलेल्या पद्धतीत सगळ्या शक्यता एकदमच पुढे नेल्या जातात, त्यामुळे असा स्फोट होत नाही. २०२२ च्या ३.११ आवृत्तीत पायथॉनने एकदा पकडलेला मजकूर परत न सोडणारे पॅटर्न लिहिण्याची सोय दिली. स्टॅक ओव्हरफ्लोच्या अभियंत्यांनी तर तो पॅटर्न काढूनच टाकला आणि मजकुराचा हवा तेवढा तुकडा कापणारं साधं फंक्शन त्याच्या जागी बसवलं.