मुक्त सॉफ्टवेअर आणि आपला पहिला संगणकवर्ग

संगणकाचे नाव काढले की आपल्या वस्तीतील वडीलधारी मंडळी दोन उत्तरे देतात. “आम्हाला इंग्रजी येत नाही” आणि “आता या वयात काय शिकायचे?” विद्यार्थ्यांचे उत्तर तिसरेच असते : “मोबाईल आहे ना!” बँकेच्या काउंटरवर बसून या तिन्ही उत्तरांची किंमत मी रोज पाहतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मुलगा दुकानात पैसे मोजतो, त्याचा पासवर्ड दुकानदाराच्या वहीत राहतो आणि खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला की रक्कम अडकते. पदवीच्या वर्गातील मुलगी मोबाईल भराभर चालवते; पण एका पानाचा अर्ज समास राखून टाइप कर म्हटले की तिथेच थांबते.

यासाठीच संस्थेच्या सभागृहात मुक्त सॉफ्टवेअरवर आधारित वर्ग घ्यावयाचे ठरले आहे. इंग्रजीत मुक्त आणि फुकट यांना एकच शब्द असल्यामुळे तिकडे बराच घोळ होतो. मराठीत ती अडचण नाही. समजा, आपण शिलाई मशीन विकत आणले, पण दुकानदाराने अट घातली की झाकण उघडायचे नाही, दुरुस्ती करायची नाही, शेजारणीला द्यायचे नाही. अशी अट आपण मान्य करू काय? बहुतेक विकतच्या सॉफ्टवेअरला अशाच अटी असतात. मुक्त सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरावे, त्याची रचना अभ्यासून बदलावी, प्रती वाटाव्यात, सुधारलेली प्रतही वाटावी, अशी त्यात मोकळीक असते. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या विचाराने ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. आपल्या अँड्रॉइड मोबाईलच्या पोटातही तोच गाभा आहे. म्हणजे लिनक्स आपण नकळत वापरतच आहोत!

पैशाचा मुद्दाही लहान नाही. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे संरक्षण ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले आणि पुढची आवृत्ती बऱ्याच जुन्या यंत्रांवर चालत नाही. अशी यंत्रे कार्यालये मोडीत काढतात. त्यांवर लिनक्सचा हलका प्रकार टाकला की लिहिण्या-वाचण्याचे काम उत्तम होते. चोरीच्या प्रतीबरोबर येणारे व्हायरसही टळतात.

वर्गात सुरुवात माउस धरण्यापासून होईल. मग मराठी टायपिंग. इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. बाराखडी येणाऱ्याला ही मांडणी लवकर उमगते. मी स्वतः कला शाखेचा, गणिताशी माझे कधी जमले नाही; पण टायपिंगला गणित लागतच नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावरही मराठीतच दिसतो, जुन्या फॉन्टसारखी त्याची चिन्हांची खिचडी होत नाही. पुढे लिब्रे ऑफिसमध्ये अर्ज लिहिणे आणि बचत गटाचा हिशेब मांडणे. एका महिन्याचा हप्ता बदलला की वर्षाची बेरीज आपोआप बदलते, हे ज्या भगिनी वही सांभाळतात त्यांनी एकदा पाहावेच. घरी उजळणीसाठी आय. आय. टी. मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ आहेत. त्यांतील पुष्कळ मराठीत असून ते विनामूल्य आहेत.

“पण नोकरीत तर विंडोज लागते” असे कोणी म्हणेल. खरे आहे. मात्र फाईल जपून ठेवणे, तक्ता आखणे, सूत्र लिहिणे या गोष्टी दोन्हीकडे जवळपास सारख्याच आहेत. लिब्रे ऑफिस विंडोजवरही चालते व त्यातील फाईल वर्डच्या स्वरूपात देता येते. शासकीय भरतीत एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मागतात, ते या वर्गातून मिळणार नाही. ती परीक्षा स्वतंत्रपणे द्यावी लागेल. हाताला सवय झालेली असेल तर तीही जड जाणार नाही.

येताना एक वही आणावी. घरी जुना लॅपटॉप पडून असल्यास तोही आणावा. लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आतील फोटो किंवा कागदपत्रांना हात लावावा लागत नाही.