गुडघा झिजतो तेव्हा हाडाचं काय होतं?

गुडघे दुखू लागले की ‘गादी झिजली’ असं म्हटलं जातं. ही गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरचा काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर, कूर्चा. पण ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजेच सांध्यांची झीज, हा फक्त कूर्चेचा आजार नाही. तिच्याखालचं हाडही बदलतं.

जाड, पण कच्चं

हाड जिवंत असतं. त्याचा जुना भाग काढून तिथे नवा रचण्याचं काम सतत चालू असतं. जिथे भार जास्त, तिथे हाड वाढतं, असा नियम जर्मन शल्यविशारद ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण २ ते ३ पट भार येतो. कूर्चा पातळ झाली की हाडावरचा ताण वाढतो. हाड जाड होतं, कडेला वाढतं आणि एक्स-रेमध्ये जास्त पांढरं दिसतं.

मग ते मजबूत झालं का? तसं नाही. हाडात कोलॅजनचे धागे असतात आणि त्यांवर कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसतात. धाग्यांमुळे चिवटपणा येतो, स्फटिकांमुळे कडकपणा. स्फटिक पुरेसे बसायला महिने लागतात. या आजारात हाडाची मोडतोड आणि बांधणी इतकी वेगाने होते, की नवं हाड पक्कं होण्याआधीच बदललं जातं. पुरेसं पाणी न मारलेल्या जाड स्लॅबसारखं हे असतं: माल जास्त, पण कच्चा. जाडीमुळे तो थर एकूण कमी दबतो, तरी त्यातलं साहित्य मात्र निरोगी हाडापेक्षा मऊ असतं.

रिपोर्ट वाचताना

हाडं ठिसूळ होणं, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हा वेगळा आजार आहे. पण दोन्ही एकाच व्यक्तीला असू शकतात. कंबरेच्या मणक्यांत झिजेमुळे हाड वाढलं असेल, तर घनतेच्या तपासणीत आकडा खऱ्यापेक्षा चांगला येतो आणि ठिसूळपणा झाकला जातो. अशा वेळी डॉक्टर खुब्याचा आकडाही पाहतात.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी झिजलेली कूर्चा परत येत नाही. भार कमी करणं मात्र हातात असतं. जास्त वजनाच्या रुग्णांवर झालेल्या २००५ च्या अमेरिकी अभ्यासात, १ किलो वजन घटल्यावर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी झाला. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायामही वेदना कमी करतो.