पांघरूण पाहून पाय पसरा!

पहाटेचे चार वाजलेत. एसी मंद घुरघुरतोय. बेडच्या डाव्या बाजूला 'तो' दुलईत गुरफटून एखाद्या फ्रँकीसारखा पडलाय आणि उजव्या बाजूला 'ती' पाय पोटाशी घेऊन उरलंसुरलं टोक खांद्यावर ओढायच्या प्रयत्नात.

"अरे, इकडे सोड ना थोडी!"

"हं..."

आणि कूस बदलता बदलता हातातलं ते टोकही गायब!

ओळखीचं वाटतंय? लग्नाला सहा महिने झालेल्या कुठल्याही जोडप्याला विचारा. ओला टॉवेल, टूथपेस्टची ट्यूब, टीव्हीचा रिमोट ही भांडणं दिवसाची. रात्रीचं भांडण एकच, पांघरुणाचं. गंमत म्हणजे त्यात दोष स्वभावाचा कमी आणि मापाचा जास्त असतो. बेड घेताना आपण महिनाभर दुकानं पालथी घालतो. गादीवर तर चपला काढून, आडवं पडून, दोन उड्या मारूनही बघतो. आणि दुलई? सेल लागलाय, रंग पडद्यांना मॅच होतोय, पाकिटावर 'डबल' लिहिलंय. बस्स, बिल करा!

'डबल' म्हणजे नेमकं किती?

इथेच तर सगळी गोची आहे. आपल्या बाजारात सिंगल दुलई साधारण ६० बाय ९० इंच, डबल ९० बाय १०० आणि किंग १०८ बाय १०८ इंच अशी मिळते. कंपनीप्रमाणे दोन-चार इंच इकडेतिकडे. 'डबल' याचा अर्थ 'दोन माणसांसाठी' एवढाच. ती दोन माणसं केवढ्या बेडवर झोपणार, याच्याशी पाकिटावरच्या शब्दाला काही देणंघेणं नाही.

आता बेडचं बघा. क्वीन साइझ म्हणजे ५ फूट बाय साडेसहा, इंचांत ६० बाय ७८. किंग म्हणजे ६ फूट बाय साडेसहा, ७२ बाय ७८. नव्या फ्लॅटमध्ये बेडरूम कितीही चिमुकली असो, बेड मात्र किंगच हवा असतो. आणि त्यावर येते ९० इंची डबल दुलई.

जरा हिशोब करू. गादी ७२ इंच रुंद, ८ इंच जाड. दोन्ही बाजूंची जाडी धरली तर ७२ अधिक १६, झाले ८८. म्हणजे ९० इंची दुलई रिकामी गादी जेमतेम झाकते. गादी १० इंची असेल तर तेही नाही. आणि आपण अजून बेडवर झोपलेलोच नाही! कुशीवर झोपलेल्या माणसाच्या खांद्याची उंचीच फूट-सव्वा फूट भरते. अशी दोन माणसं आत शिरली की दुलई तंबूसारखी वर उचलली जाते आणि दोन्हीकडच्या कडा आत सरकतात. मग ज्याची झोप गाढ, त्याची दुलई. सरळ हिशोब आहे.

साधं सूत्र लक्षात ठेवा. गादीची रुंदी, अधिक दोन्ही बाजूंची जाडी, अधिक प्रत्येक बाजूला निदान ८ इंच. क्वीन बेडवर ६ इंची गादी असेल तर ६० अधिक १२ अधिक १६, एकूण ८८. इथे डबल दुलई मस्त बसते. किंगवर ८ इंची गादी असेल तर ७२ अधिक १६ अधिक १६, एकूण १०४. म्हणजे १०८ चीच घ्यायला हवी. दुकानात जायच्या आधी घरी टेप काढा आणि गादीची जाडी नक्की मोजा. ती कुणालाच पाठ नसते.

लांबीचं फारसं टेन्शन घेऊ नका. दुलई उशीवर नाही, मानेपासून सुरू होते. त्यामुळे ७८ इंची बेडवर १०० इंच लांबी सहा फुटी नवरोबांनाही पुरून उरते. भांडण होतं ते रुंदीवरून.

लंडनहून आलेली भेट

नणंदबाईंनी लंडनहून आणलेला तो सुंदर डबल सेट आपल्या बेडवर आखूड का पडतो, याचंही उत्तर मापातच आहे. ब्रिटनमधला डबल बेड साडेचार फूट रुंद, म्हणजे ५४ इंच. त्यांची डबल दुलई २०० बाय २०० सेंटिमीटर, आपल्या भाषेत जेमतेम ७९ इंच. आपल्या किंग बेडवर ती मोठ्या रुमालासारखी दिसते. त्यांचा किंग बेड म्हणजे आपला क्वीन, ५ फुटी. त्यावरची दुलई २२५ बाय २२० सेंटिमीटर. आपल्या ६ फुटी बेडला हवी असते ती त्यांची 'सुपर किंग', २६० बाय २२०. तेव्हा परदेशातून कुणी 'काय आणू गं?' असं विचारलं, तर साइझचं नाव सांगू नका, सेंटिमीटर सांगा.

तसं बघायला गेलं तर ब्रिटिशांनाही ही वस्तू नवीनच. 'डुव्हे' हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ पक्ष्याची मऊ पिसं. १९६० च्या दशकापर्यंत इंग्लंडमधलं सामान्य घर चादरी आणि ब्लँकेटांच्या थरांखालीच झोपायचं. डिझायनर टेरेन्स कॉनरन यांनी स्वीडनमध्ये दुलई पाहिली आणि १९६४ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या 'हॅबिटॅट' या दुकानातून ती विकायला काढली. जाहिरातीचा मुद्दा काय, तर सकाळी दहा सेकंदांत बेड आवरून होतो! पुढे १९९९ मध्ये 'वेस्टिन' हॉटेलांनी आपला पांढराशुभ्र 'हेवनली बेड' आणला आणि बघता बघता जगभरच्या हॉटेलांच्या खोल्या पांढऱ्या झाल्या. आपल्याकडे हे वेड शिरलं ते बहुतेक हॉटेलांमधूनच. हनिमूनला पाहिलेला तो ढगासारखा बेड घरीही हवा असतो ना!

पहाटेच का जाग येते?

आता थोडं सायन्स. झोपायच्या आधी आपल्या शरीराचं आतलं तापमान हळूहळू उतरायला लागतं. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतलं रक्ताभिसरण वाढतं आणि तिथून उष्णता बाहेर टाकली जाते. पाय गरम असले की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलं होतं. आजीचं 'पायावर पांघरूण घे गं' हे अगदीच काही अडाणीपणाचं नव्हतं तर!

आतलं तापमान सर्वांत खाली येतं ते पहाटे, साधारण चार-पाचच्या सुमाराला. स्वप्नांची झोप, जिला 'रेम' म्हणतात, तीही रात्रीच्या उत्तरार्धातच जास्त असते. आणि या रेम झोपेत शरीराचा थर्मोस्टॅट जवळजवळ बंद असतो. कुडकुडणं नाही की घाम येणं नाही. म्हणजे ज्या वेळी शरीर स्वतःचं तापमान सांभाळू शकत नाही, नेमकी त्याच वेळी दुलई सरकलेली असते. जाग येणारच! अशी झोप रोज तुटली की दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या मीटिंगमध्ये जांभया, चिडचिड आणि चौथी कॉफी. दोष मात्र बॉसला!

जाडी: मुंबई वेगळी, पुणं वेगळं

दुलईच्या जाडीचं माप जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये किती ग्रॅम भरण. एसीसाठी १०० ते १५०, बऱ्यापैकी थंडीसाठी २०० ते २५०, हा ढोबळ अंदाज. मुंबईकरांना थंडी ही एसीतच भेटते, त्यांनी जाड दुलईच्या मोहात पडूच नये. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास येतो, नाशिक-निफाडकडे त्याहून खाली. तिथे २०० च्या पुढचं चालेल. फक्त उरलेले नऊ महिने ती कुठे ठेवणार, याचाही विचार करा.

आणि साइझ वाढली की वजन वाढतं, हे विसरू नका. २०० जीएसएमची ९० बाय १०० ची दुलई घेतली तर तिच्यात सुमारे १ किलो १६० ग्रॅम भरण असतं. तीच १०८ बाय १०८ ची घेतली तर दीड किलो. वर कापड आणि कव्हर वेगळंच. कोरडी असताना हे काहीच वाटत नाही. धुवायची वेळ आली की कळतं! घरच्या सहा-सात किलोच्या मशिनला वजनापेक्षा आकारमानाची अडचण होते. दुलई ड्रममध्ये कोंबली जाते, फिरत नाही, मधे साबण तसाच राहतो. आणि वाळत कुठे घालणार? एक बीएचकेच्या बाल्कनीत १०८ इंची ओली दुलई म्हणजे शेजाऱ्यांशी नवं भांडण. पावसाळ्यात तर ती आतून वाळतच नाही आणि मग तो कुबट वास... नकोच. म्हणून कव्हरवाली दुलई घ्या, कव्हर धूत राहा आणि दुलईला अधूनमधून ऊन दाखवा.

कव्हर घेताना दोन गोष्टी. शुद्ध सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ९० इंची कव्हर समजा चार टक्के आटलं, तर साडेतीन इंच गेले आणि आतली दुलई चुरगळून बसली. 'प्री-श्रंक' लिहिलेलं बघा, नाहीतर दोन-तीन इंच मोठं घ्या. दुसरं म्हणजे आतल्या चारही कोपऱ्यांना बांधायच्या नाड्या हव्यात. त्या नसतील तर आठवड्याभरात सगळी दुलई पायाशी गोळा आणि अंगावर नुसतं कव्हर.

एसीबद्दल एक आगाऊ सल्ला देऊनच टाकते. जानेवारी २०२० पासून आपल्याकडचे स्टार रेटिंगवाले रूम एसी सुरू केले की २४ अंशांवरच सुरू होतात. मग आपण रिमोटने तो १८ वर आणतो आणि त्यावर जाड दुलई ओढून झोपतो! ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अंदाजाप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २४ अंश आणि १०० जीएसएमची पातळ दुलई, किंवा जयपुरी दोहर. करून बघा.

दोघांत एक की दोघांना दोन?

आता खरा मुद्दा. त्याला उकडतं, तिला थंडी वाजते. अशा जोडप्याला १०८ काय, २०८ इंची दुलई दिली तरी उपयोग नाही. एकाला घाम येणार नाहीतर दुसरं कुडकुडणार.

ज्या स्वीडनहून दुलई इंग्लंडात आली, तिथे काय करतात माहितेय? डबल बेडवर दोन सिंगल दुलया! जर्मनीतही तेच. तिथे १३५ बाय २०० सेंटिमीटरची दुलई ज्याची त्याची. सकाळी दोन्ही घड्या शेजारी शेजारी ठेवल्या की झालं. आपल्या किंग बेडवर ६० बाय ९० च्या दोन दुलया घेतल्या तर एकूण रुंदी होते १२० इंच, म्हणजे सर्वांत मोठ्या किंग दुलईपेक्षाही एक फूट जास्त. शिवाय त्याची १०० जीएसएमची, तिची २००. मशिनमध्ये बसते, दोरीवर मावते, आणि कुणी मैत्रीण राहायला आली तर एक तिलाही देता येते.

पण हे सुचवलं की चेहरे बघण्यासारखे होतात. "म्हणजे काय, वेगवेगळं झोपायचं?" जणू घटस्फोटाचाच विषय निघाला! खरं सांगायचं तर आपल्या घरांत असंच होतं की. प्रत्येकाचं अंथरूण-पांघरूण वेगळं, सकाळी आपली घडी आपण घालायची, आणि दादाची सोलापुरी चादर ताईने घेतली तर घर डोक्यावर! एकाच पांघरुणात दोघांनी झोपायचं ही रीत आपण हॉटेलं नि सिनेमांतून उचलली. रोमान्सला दोन दुलयांनी काही बाधा येत नाही. झालेल्या झोपेने आलाच तर फायदाच होतो. बेडरूम दाखवायला पाहुणे आले तर वरून एक छानसा बेडकव्हर टाका.

एक महत्त्वाचं. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्यासाठी दुलई, मऊ उशी, सुटं पांघरूण काहीच नको. तोंडावर येऊन श्वास कोंडायचा धोका असतो. त्याला पुरेसे कपडे घाला आणि तुमच्या दुलईखाली घेऊन झोपू नका, मग ती कितीही मोठी असो.

गोधडीचं गणित

रेडिमेड मापांत तुमचा बेड बसतच नसेल, जुना सागवानी पलंग असेल किंवा सुताराकडून करून घेतलेला साडेपाच फुटी दिवाण असेल, तर अजून एक रस्ता आहे. नऊवारीचा पन्हा साधारण ४५ इंच. दोन पन्हे जोडले की ९०! आजीच्या मोठ्या गोधडीची रुंदी आणि कंपनीच्या डबल दुलईची रुंदी सारखी निघते ती अशी. आई-आजीच्या मऊ सुती साड्या कपाटात पडून असतील तर दोन पन्ह्यांना तिसरा अर्धा पन्हा जोडा, झाले ११२ इंच. शिवणीत जातील ते जातील, किंग बेड आरामात झाकला जातो. हातशिलाईच्या गोधड्या करून देणाऱ्या बायका पुण्यात आणि मुंबईत आजही आहेत. पेठेतला गादीवालाही तुम्ही सांगाल त्या मापाची कापसाची दुलई भरून देतो. फक्त त्याला 'डबल बेडची' असं मोघम सांगू नका. दोघं बेडवर कुशीवर झोपा, तिसऱ्या कुणाला तरी गादीच्या या खालच्या कडेपासून त्या कडेपर्यंत अंगावरून टेप धरायला लावा आणि जो आकडा येईल तो कागदावर लिहून न्या. टेप धरायला सासूबाईंना बोलवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा!