संकेतस्थळाचा उंबरठा

आपल्याकडे घराची पारख उंबरठ्यावर होते. पाहुणा आला की आधी पाणी, मग विचारपूस आणि सवड असेल तर शेवटी भिंतीवरच्या वाडवडिलांच्या तसबिरींची ओळख. हा क्रम कुणाला शिकवावा लागत नाही. पण गंमत अशी की, हीच माणसे आपल्या धंद्याचे संकेतस्थळ करायला बसली की क्रम नेमका उलटा होतो. पाहुणा दारात ताटकळतो आणि आधी तसबिरी दाखवल्या जातात!

व्यावसायिकांच्या संकेतस्थळांसाठी मजकूर लिहिणे हा माझा उद्योग. मध्यंतरी गुहागरकडच्या एका दांपत्याचे काम आले. पर्यटकांसाठी चार खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी, काकूंच्या हातचे जेवण. संकेतस्थळ होते, पण ते पाहून आलेला पाहुणा विरळाच. उघडताच सरकणारी छायाचित्रे, मग 'आमची परंपरा', 'आमचे ध्येय'. भाडे कुठेच नाही. फोन नंबर अगदी तळाशी, तोही चित्रात. बोट लावले तरी फोन लागणार नाही.

"भाडं लिहिलं तर लोक आकडा बघूनच पळतील," काका म्हणाले.

मी काकूंकडे वळले, कारण फोन त्याच घेत. लोक काय विचारतात, हे त्यांना आठवावेही लागले नाही. "भाडं किती? नाश्ता त्यातच का? मासे मिळतील का, शाकाहारी माणसांचं वेगळं शिजवता का? आईला जिना चढवत नाही, खाली खोली आहे का? चिपळूण स्टेशनवरून यायचं कसं? समुद्र किती लांब?"

संकेतस्थळाचा आराखडा तिथेच तयार झाला. काकूंची उत्तरे त्याच क्रमाने, त्यांच्याच साध्या शब्दांत मांडली. 'समुद्रकिनाऱ्यालगत' हे शब्द खोडून 'किनारा चालत पंधरा मिनिटे' असे लिहिले, तेव्हा काका जरा नाराज झाले. पण म्हाताऱ्या आईला घेऊन येणाऱ्या मुलाला ही पंधरा मिनिटे आधी कळली, तर तो रिक्षाची सोय बघतो. इथे पोहोचल्यावर कळली, तर सगळ्या घराच्या सुट्टीचा विरस होतो आणि काकांच्या शब्दाची किंमत जाते. ती एकदा गेली की सुंदर छायाचित्रांनी परत येत नाही.

या गोष्टींचा शास्त्रशुद्ध अभ्यासही झाला आहे. याकोब नीलसन या अभ्यासकाने १९९७ साली दाखवून दिले की, त्याने पाहिलेल्यांपैकी ७९ टक्के लोक नवे पान नुसते चाळतात. शब्दन्‌शब्द वाचणारे अवघे १६ टक्के. म्हणजे आपण कौतुकाने लिहिलेले 'ध्येय' बहुतेकांच्या नजरेतून निसटूनच जाते. त्यांचे डोळे आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधत असतात.

मराठी पानांची आणखी एक जुनी खोड आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्यानंतर बराच काळ मराठी पान वाचायला आधी त्याचा फाँट उतरवून घ्यावा लागे. नाहीतर पडद्यावर अगम्य खुणांची खिचडी! त्यावर उपाय म्हणून अनेक जण मजकुराचे चित्रच करून टाकत. युनिकोड रुळल्यावर त्याची गरज संपली, पण सवय उरली. चित्रातला मजकूर अंध व्यक्तीला वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेच्या हाती नीट लागत नाही आणि चाळिशी लागलेल्याने मोठा करू म्हटले तर तो धूसर होतो.

मग दोष शोधायचे कसे? त्याला पैसे लागत नाहीत. याच नीलसनने २००० साली मांडले की, अवघ्या पाच जणांना पान वापरायला दिले तरी सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. पाच माणसे तर आपल्या वाड्यात, सोसायटीतच सापडतील!

तुमची खानावळ असो, शिकवणी असो की मसाल्यांचा घरगुती उद्योग. आज रविवार आहे. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती मोबाइल द्या आणि म्हणा, "आपल्याकडचा भाव शोधून सांगा बघू." मग शेजारी गप्प बसा. बोट दाखवू नका, समजावू नका. ते जिथे अडखळतील, नेमके तिथूनच तुमचे गिऱ्हाईक रोज मुकाट्याने माघारी फिरत असते.