पायऱ्या कशासाठी?

दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज 9. अंकांची अदलाबदल केल्यास संख्या 27 ने वाढते. 18, 27, 36 असे ताडून पाहिले तर 36 चटकन सापडते, मग समीकरणाचा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्तच आहे. पण दशकस्थानी क्ष, एककस्थानी य धरून मांडा: (10य + क्ष) − (10क्ष + य) = 27, म्हणजे 9(य − क्ष) = 27, म्हणून य − क्ष = 3; बेरीज 9, म्हणून य = 6, क्ष = 3. उत्तर तेच, पण मधली पायरी जास्तीचे सांगून गेली: हा फरक नेहमी 9 च्या पटीतच येणार. बेरजेची अट काढून 25 चा फरक मागितला, तर ताडून पाहणारा 10 पासून 99 पर्यंत चाळत बसेल. पायऱ्या लिहिणारा (गुणांसाठी का होईना) दुसऱ्याच ओळीत अशी संख्या नाही हे सिद्ध करून मोकळा होतो.