मोबाईलमधला मित्र

"डॉक्टर, याच्या मोबाईलचं तेवढं बघा. कोण कुठली माणसं, त्यांना रात्र रात्र मेसेज लिहीत बसतो. आणि सख्खा मामा घरी आला तर दोन शब्द बोलत नाही."

बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन ओपीडीत आलेल्या आईची ही तक्रार. मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक. बी.कॉम. झालेला, हिशेबाला पक्का, रेल्वे इंजिनांचा वेडा. कॉलेजच्या तीन वर्षांत एकही मित्र नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मी सवयीने सांगून टाकलं, रात्री दहानंतर मोबाईल आईकडे. दीड महिन्याने तो परत आला तेव्हा चार किलो वजन उतरलं होतं आणि इंजिनांचा विषय काढला तरी तो बोलेना. बऱ्याच वेळाने खाली बघत म्हणाला, "सर, तो भुसावळचा मुलगा दहानंतरच ऑनलाइन येतो. त्याची ड्युटी तेव्हा संपते."

त्याचा एकुलता एक मित्र मी माझ्या हाताने तोडला होता.

स्वमग्न माणसांना मैत्री नकोच असते, हा समज डॉक्टरांमध्येही मुरलेला आहे. थोडा दोष शब्दाचाही. 'स्वमग्न' म्हटलं की वाटतं, आपल्यातच रमलाय, कशाला छेडा. प्रत्यक्षात यांच्यापैकी अनेकांना सोबत हवी असते. स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे आणि अडचण येते ती गप्पांच्या न सांगितलेल्या नियमांची. आपण "या की एकदा घरी" म्हणतो, तेव्हा ते खरं आमंत्रण नसतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. हा मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वर्गमित्राच्या दारात उभा होता. पुढे वर्षभर त्याची चेष्टा झाली.

लिहून बोलताना यातलं पुष्कळ ओझं उतरतं. नजरेला नजर द्यावी लागत नाही, कॅन्टीनचा गोंगाट नाही, आवाजाच्या पट्टीवरून राग ओळखायचा नाही. वाक्य दोनदा वाचता येतं, उत्तराला दहा मिनिटं घेता येतात. मुख्य म्हणजे विषय आधीच ठरलेला असतो. 'डब्ल्यूएपी-७' इंजिनाबद्दल तासभर बोलणं कॉलेजात विचित्र ठरतं, रेल्वेप्रेमींच्या ग्रुपवर तीच तुमची पत असते. अतिशय कमी बोलणारी काही स्वमग्न मुलं टाइप करताना मोकळी होतात, हेही मी पाहिलं आहे.

दोष एकट्या स्वमग्न माणसाचा नाही, असं ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं. ते स्वतः स्वमग्न आहेत. त्यांचं म्हणणं असं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. त्यांना आपण कळत नाही, तसे तेही आपल्याला कळत नाहीत. एडिंबरा विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग लहानपणीच्या कानगोष्टींच्या खेळासारखा होता. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. एकाने गोष्ट दुसऱ्याला सांगायची, त्याने तिसऱ्याला. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोहोचली, जितकी सगळे बिगर-स्वमग्न असलेल्या साखळीत. जास्त गळती झाली ती मिश्र साखळीत.

आता आईच्या भीतीकडे येतो, कारण ती खोटी नाही. याच मुलाने एका 'मित्रा'ला दोन हजार रुपये यूपीआयने पाठवले होते. कारण विचारलं तर म्हणाला, "मित्र अडचणीत मदत करतात." बोललेलं शब्दशः खरं मानणाऱ्या माणसाला फसवणं सोपं असतं. त्याला "जपून राहा" सांगून उपयोग नाही. जपून म्हणजे नेमकं काय, ते लिहून द्यावं लागतं. आम्ही तिघांनी बसून कागदावर लिहिलं. पैसे, ओटीपी किंवा अंगावरचे फोटो कुणी मागितले, तर उत्तर देण्याआधी ताईला दाखवायचं. 'हे घरी सांगू नकोस' असं कुणी म्हणालं, की बोलणं तिथेच थांबवायचं. दोन मेसेजना उत्तर आलं नाही तर तिसरा पाठवायचा नाही, दोन दिवस थांबायचं. हा शेवटचा नियम त्यानेच सुचवला. लागोपाठ चाळीस मेसेज पाठवल्यावर एकाने त्याला ब्लॉक केलं होतं आणि त्याचं कारण त्याला आजवर कळलं नव्हतं. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, हेही लिहिलं. झोप मोडू नये म्हणून बाराची मर्यादा ठरली. तीही त्याला विचारून.

मूल अचानक गप्प झालं, जेवण तुटलं, आवडीचा विषयही नकोसा झाला, तर 'ऑटिझमच आहे' म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

गेल्या महिन्यात ते दोघे पहिल्यांदा भेटले. ठिकाण मनमाड स्टेशन, दिवसाउजेडी, सोबत आई. तिने मला सगळं सांगितलं, जरा हिरमुसूनच. "तीन तास फलाटावर शेजारी शेजारी उभे होते, डॉक्टर. गाडी आली की नंबर सांगायचे, बस. एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही."

मी त्याला विचारलं, कशी झाली भेट?

"एकदम मस्त," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात परत जाणार आहोत."