एक थेंब हवा: रोड बाईकला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवताना



मागच्या लेखानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "प्रपोजलमध्ये मेथडॉलॉजी लिहायची म्हणजे नेमकं काय लिहायचं? उपकरणांची यादी दिली की झालं ना?" मी उत्तर लिहायला बसले आणि दोनदा खोडलं, कारण जे लिहीत होते ते पाठ्यपुस्तकातलंच होतं. मग माझ्या सायकलची आठवण झाली. पहिल्या वर्षी मी माझ्या रोड बाईकला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक बसवले. त्यात पैसे वाया गेले, आणि एका सकाळी घाटात भलताच प्रसंग ओढवला असता. उपकरणांची यादी तेव्हा माझ्याकडेही होती. आज ते सगळं सांगते.

आधी प्रश्न नीट मांडा

रोड बाईक म्हणजे मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हॅंडल असलेली सायकल. याच हॅंडलला ड्रॉप-बार म्हणतात. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक होते, पण तारेवर चालणारे. पावसाळ्यात तारेच्या आवरणात चिखल-पाणी शिरायचं, घर्षण वाढायचं, आणि सिंहगडावरून उतरताना बोटं भरून यायची. म्हणून ठरवलं, हायड्रॉलिक लावायचे.

आता "चांगले ब्रेक हवेत" हा काही संशोधनाचा प्रश्न नाही, ती इच्छा झाली. "बोटांचं बळ तेवढंच ठेवून पॅडवरचा दाब कसा वाढवायचा आणि घर्षणात वाया जाणारं बळ कसं कमी करायचं?" हा प्रश्न झाला. त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं.

किती बळ लागतं?

समजा, सायकल आणि स्वार मिळून वजन ८५ किलो. ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर वेगाने जाताना गतिज ऊर्जा सव्वापाच हजार जूलच्या आसपास येते. हे एकदा थांबण्याचं झालं. घाटात ५०० मीटर उंची उतरताना स्थितिज ऊर्जा सुमारे सव्वाचार लाख जूल. सव्वा लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. त्यातली बरीच हवेच्या विरोधात जाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते.

आता बळ. गुरुत्व त्वरणाच्या निम्म्या दराने वेग कमी करायचा, तर टायर आणि रस्ता यांच्यात सुमारे ४१७ न्यूटन बळ लागतं. हे सगळं पुढच्या चाकावर आलं असं धरू. चाकाची त्रिज्या ०.३४ मीटर, म्हणजे टॉर्क झाला साधारण १४० न्यूटन-मीटर. जुना रिम ब्रेक चाकाच्या कडेला पकडतो, त्यामुळे त्याला साडेचारशे न्यूटन घर्षण पुरतं. १६० मिलिमीटरच्या रोटरवर मात्र पॅड केंद्रापासून जेमतेम ७ सेंटिमीटरवर असतो. तिथे तोच टॉर्क मिळवायला सुमारे २००० न्यूटन घर्षण हवं. घर्षण गुणांक ०.४ धरला आणि पॅड दोन बाजूंना आहेत हे लक्षात घेतलं, तर प्रत्येक पॅड २५०० न्यूटन बळाने दाबावा लागतो.

बोटांचं बळ समजा १०० न्यूटन. लिव्हरची पट पाच धरली तर मास्टर पिस्टनवर ५०० न्यूटन येतात. मास्टर पिस्टनचा व्यास १० आणि कॅलिपर पिस्टनचा २२ मिलिमीटर असेल, तर क्षेत्रफळाचं गुणोत्तर ४.८४. पास्कलच्या नियमाने पॅडवर सुमारे २४०० न्यूटन मिळतात. म्हणजे गणित जुळतं. अकरावीत ज्या नियमावर आपण दोन मार्कांचं उत्तर लिहिलं, तो इथे तुमचा जीव सांभाळतो.

जोडणीचे तीन अडथळे

गणित जुळलं म्हणून वस्तू जुळतेच असं नाही. माझे पैसे गेले ते इथेच. माउंटन बाईकचा हायड्रॉलिक सेट स्वस्तात मिळाला आणि मी उचलला. घरी आणल्यावर कळलं ते असं.

पहिला अडथळा लिव्हरचा. माउंटन बाईकची लिव्हर २२.२ मिलिमीटर व्यासाच्या सरळ हॅंडलसाठी असते, ड्रॉप-बार मात्र २३.८ मिलिमीटरचा. फरक १.६ मिलिमीटरचाच, पण लिव्हर बसतच नाही. शिवाय रोड बाईकमध्ये ब्रेक आणि गिअरची लिव्हर एकच असते. त्यामुळे ब्रेक बदलला की लिव्हर बदलते, आणि लिव्हर बदलली की मागे किती गिअर आहेत तेही जुळवावं लागतं.

दुसरा अडथळा कॅलिपरच्या बैठकीचा. माझ्या सेटचे कॅलिपर पोस्ट-माउंट होते, दोन बोल्टमध्ये ७४ मिलिमीटर अंतर. माझी फ्रेम फ्लॅट-माउंट. दोन्ही मापं प्रमाणित आहेत, पण एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही.

तिसरा अडथळा माझ्या वाट्याला आला नाही, पण हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो: "रिम ब्रेकच्या सायकलला डिस्क लावता येईल का?" वरचा टॉर्क आठवा. रिम ब्रेकचं बळ फोर्कच्या वरच्या टोकाला, मजबूत जागी येतं. डिस्क ब्रेकचं बळ फोर्कच्या डाव्या पायाच्या खालच्या टोकाला येतं. रिम ब्रेकचा फोर्क त्यासाठी बनवलेलाच नसतो. वेल्डिंगवाल्याकडून तुकडा जोडून घेतला तर तो दिसायला घट्ट दिसेल, पण फोर्क कधी वाकेल याची खात्री कुणी देणार नाही. शिवाय डिस्कसाठी हब वेगळा लागतो आणि मागच्या हबची रुंदीही वेगळी: रिम ब्रेकच्या रोड बाईकला साधारण १३० मिलिमीटर, डिस्कवाल्या सायकलला १३५ किंवा १४२. म्हणून अशा सायकलला चांगले रिम पॅड लावावेत, किंवा सायकलच बदलावी. मधला मार्ग धोक्याचा आहे.

ज्यांच्या फ्रेमवर डिस्कची बैठक आहे, त्यांना मात्र एक मधला मार्ग आहे: तारेने ओढले जाणारे हायड्रॉलिक कॅलिपर. यात जुनी लिव्हर तशीच राहते आणि तेलाचा भाग फक्त कॅलिपरमध्ये असतो. खर्च कमी होतो, पण तारेचं घर्षण काही सुटत नाही. माझा मूळ प्रश्न घर्षणाचाच होता, म्हणून मी तो मार्ग घेतला नाही. बघा, प्रश्न नीट लिहिलेला असला की पर्याय गाळणं किती सोपं जातं!

तेल: इथे अंदाज चालत नाही

ब्रेकच्या तेलाचे मुख्य दोन प्रकार. शिमानो खनिज तेल वापरते, स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये डॉट ५.१ असतं. डॉट ५.१ ग्लायकॉल ईथरवर आधारलेलं आहे. ते हवेतली आर्द्रता शोषतं, त्यामुळे उत्कलनबिंदू घसरतो. ताज्या तेलासाठी मानकाप्रमाणे किमान २६० अंश सेल्सिअस हवा, पाणी मुरलेल्यासाठी किमान १८०. म्हणून ते ठरावीक काळाने बदलावं लागतं. ते रंगही खातं, सांडलं तर लगेच पुसा. खनिज तेल पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी तळाशी, म्हणजे नेमकं तापणाऱ्या कॅलिपरमध्ये साठतं.

दोन्हींची सरमिसळ कधीच करू नका. डॉटसाठी ईपीडीएम रबराचे सील असतात, आणि ते खनिज तेलात फुगतात. आमच्या लॅबमध्ये व्हॅक्यूम चेंबरच्या ओ-रिंगबाबत पहिल्याच दिवशी तंबी मिळाली होती, "रबर कोणतं आहे ते विचारल्याशिवाय हात लावायचा नाही." सायकलच्या वेळी तीच तंबी उपयोगी पडली.

एक थेंब हवा

आता मुख्य मुद्दा. पॅड आणि रोटर यांच्यात प्रत्येक बाजूला ०.३ मिलिमीटर फट असेल, तर ती मिटवायला वरच्या मापांप्रमाणे मास्टर पिस्टन साधारण २.९ मिलिमीटर सरकतो. म्हणजे किती तेल हललं? ०.२३ मिलिलिटर. चार-पाच थेंब! अख्खा ब्रेक एवढ्या तेलावर चालतो.

आता त्यात एक थेंबभर हवा राहिली असं समजा, ०.०५ मिलिलिटर. जोरात ब्रेक दाबल्यावर आतला दाब वातावरणाच्या साठपटींवर जातो. बुडबुडा दबून जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याची जागा भरायला पिस्टनला आणखी ०.६ मिलिमीटर सरकावं लागतं. लिव्हरच्या टोकाशी ते तीन मिलिमीटर होतात. लिव्हर स्पंजासारखी लागते ती यामुळे. ब्लीडिंग म्हणजे हे बुडबुडे बाहेर काढणं. खालून सिरिंजने तेल सारायचं, वर फनेल लावायचं, होजला हलक्या टिचक्या मारायच्या आणि वाट बघायची. हवा वर जाते, पण तिला वेळ द्यावा लागतो.

ती सकाळ

दुसऱ्या खेपेला योग्य सेट आणला. मागच्या ब्रेकचा होज फ्रेमच्या आतून ओवायचा होता, म्हणून तो कापून पुन्हा लिव्हरला जोडला. ब्लीडिंग झालं, लिव्हर कडक लागली. रविवारी पहाटे सिंहगडाचा बेत होता. मी खूश!

झोपण्याआधी सहज लॅबमधली एक सवय आठवली. व्हॅक्यूम चेंबर बंद करून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी दाब किती चढला ते बघायचं. गळती पाच मिनिटांत दिसत नाही, पण रात्रभरात लपत नाही. मी दोन्ही लिव्हर दाबून जाड रबरबॅंडने बांधून ठेवल्या.

पहाटे पाचला मागची लिव्हर हॅंडलला टेकलेली होती. रबरी कव्हरखाली तेलाचा ओघळ. होज मी तिरका कापला होता. त्यामुळे ऑलिव्ह, म्हणजे होजभोवती दाबली जाणारी ती छोटी पितळी रिंग, नीट बसली नव्हती. अंगणात दहा वेळा ब्रेक दाबून ते कळलं नव्हतं. घाटात ते कुठल्या वळणावर कळलं असतं, याचा विचार मी फार केला नाही. मैत्रिणीला फोन करून बेत रद्द केला, होज काटकोनात कापला, नवी ऑलिव्ह लावली, पुन्हा ब्लीड केलं, पुन्हा रात्रभर बांधून ठेवलं. दुसऱ्या सकाळी लिव्हर जागच्या जागी होती. मग सपाट रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा ब्रेक दाबून पॅड बसवून घेतले, आणि घाटात गेले ते पुढच्या रविवारी.

तुमच्या प्रपोजलसाठी

माउंटन बाईकवर डिस्क ब्रेक वर्षानुवर्षं वापरात होते. तरी व्यावसायिक रोड शर्यतींसाठी यूसीआयने २०१५ मध्ये चाचण्या सुरू केल्या, २०१६ मध्ये पॅरिस-रुबे शर्यतीनंतर त्या थांबवल्या, पुन्हा सुरू केल्या, आणि पूर्ण मान्यता दिली ती २०१८ मध्ये. एका ठिकाणी सिद्ध झालेली पद्धत दुसरीकडे नेताना पुन्हा पुरावा द्यावा लागतो.

तेव्हा मेथडॉलॉजी लिहिताना उपकरणांच्या यादीनंतर तीन गोष्टी लिहा. ही उपकरणं एकमेकांशी कुठे जोडली जातात आणि तिथली मापं जुळतात का? तुमच्या मोजमापात तो "एक थेंब हवा" कोणता, म्हणजे किती छोट्या चुकीने निकाल बदलेल? आणि खरा प्रयोग सुरू करण्याआधी रात्रभराची चाचणी कोणती घ्याल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज सुचलं नाही तरी जागा रिकामी ठेवा, पण प्रश्न खोडू नका. गाईडसमोर बसाल तेव्हा बोलायची सुरुवात तिथूनच करा.